काळी पावलं

जेलरोडला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये
अकरा खुर्च्या मांडल्या होत्या मी.
आले चौघं.
पाचवा वॉचमन कारभारी,
तोही खुर्च्या मोजून परत न्यायला.

एकतीस वर्षं एकलहऱ्याला काढली, कोळसा खात्यात.
वाघिणी उलट्या व्हायच्या, पट्टा चालायचा,
आणि घरी आलो की ही म्हणायची,
रुमाल वेगळा टाका, बाकीचे कपडे काळे होतात.
रिटायर झालो तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला.
कोळशाचा एक तुकडा मात्र मीच उचलून आणला.
शोकेसमध्ये असतो, नातवाच्या कॅरमच्या कपाशेजारी.

तो टेबलावर ठेवला.
म्हटलं, भाषण येत नाही मला.
हा साधारण पाऊण किलो आहे.
तुमच्या मीटरचा आकडा एकानं पुढे सरकतो ना,
तेव्हा तिकडे एवढा जळतो.

कोणी काही बोललं नाही.
रऊफ मणियारनं उचलून पाहिला,
भंगाराचं दुकान आहे त्याचं, हातालाच काटा आहे.
बरोबर, म्हणाला. पन्नास ग्रॅम इकडेतिकडे.
मग तो फिरला हातोहात,
प्रसादासारखा, फक्त कोणी कपाळाला लावला नाही.

पुढे नावावरून घोळ.
खैरनार सरांनी रजिस्टरवर
'कर्ब-पदचिन्ह न्यूनीकरण मंडळ' असं लिहूनसुद्धा टाकलं.
बोरस्ते वहिनी म्हणाल्या, अहो, वर्गणी मागायला आल्यासारखं वाटतं.
दिवाळीत आपण लक्ष्मीची पावलं काढतो,
ती आत येणारी.
ही बाहेर जाणारी. काळी.
तेवढंच लिहा.
सरांनी खोडलं,
आणि 'पावले' की 'पावलं' यावर आणखी दहा मिनिटं घेतली.

मग एकेक पान.
मणियार दुकानाला सायकलनं जाणार, पावसाळा सोडून.
वहिनींचा गिझर बंद, पण सासऱ्यांचा नाही.
ब्याऐंशीचे आहेत ते,
त्यांना मी कोळसा दाखवायची नाही.
सर मुक्तिधामला पायी जाणार होते.
ते एरवीही पायीच जातात, हे कारभारीनं मागून सांगितलं,
तेव्हा ते कापलं गेलं.

उत्तरा गायधनींनी पेन उघडलं
आणि तसंच धरून बसल्या.
मुलगा कॅल्गरीला. वर्षातून एकदा येतो.
त्याच्या विमानाचा किती धरायचा?
मी मनात हिशेब केला, जुनी खोड,
किती तुकडे, किती पाट्या.
आकडा ओठांपर्यंत आला, तो गिळला.
म्हटलं, ते पान कोरं राहू द्या.
कोरं नको, म्हणाल्या. लिहा, 'येऊ दे.'
आणि खाली स्वतःच्या अक्षरात:
रोज तीन मजले जिन्यानं.
मग हळूच, माझ्याकडे न बघता,
गुडघ्यांचं त्याला कळवू नका.

सहा महिने झाले.
सतरा जण आहोत,
एसीवरून भांडून गेले ते दोघं धरून एकोणीस.
गच्चीवरून चिमण्या दिसतात. धूर तसाच आहे.
खोटं कशाला सांगू,
त्यांना आमच्या रजिस्टरचा पत्ता नाही.

परवा सानपचा फोन आला, माझ्याच पाळीतला,
त्याची दोन वर्षं उरलीत अजून.
काय रे, आमच्याच पोटावर उठलास का?
हसत म्हणाला. पुरतं हसत नव्हता.
मला उत्तर सुचलं नाही.
अजून नाही सुचलेलं.
म्हटलं, रविवारी ये. खुर्ची आहे.

कधी कधी ते पहिलं पान उघडतो.
चार सह्या, आणि कडेला
बोटांचे काळे ठसे,
तुकडा फिरला त्याचे.
मोजले तर सहा जणांचे निघतात.
माझे ओळखू येतात.
एक जाड अंगठा कारभारीचा.
सही करायला आम्ही त्याला
विचारलंच नव्हतं.